उजेड, वारा, पाणी आणि एक विसरलेले नाव

आमच्या कुळागराच्या पश्चिमेच्या कडेला पाच माडी उभ्या आहेत. (माडी म्हणजे सुपारीचे झाड, पोफळ. घाटावरच्या वाचकांनी भलताच अर्थ घेऊ नये!) या पाचही माडींच्या बुंध्यावर नैर्ऋत्येच्या अंगाला पुरुषभर उंचीचा करडा, तडकलेला पट्टा आहे. भाजल्याच्या जुन्या डागासारखा. पूर्वी त्या चौदा होत्या. नऊ मोडून पडल्या. पाहुणे विचारतात, हे काय? रोग का? मी विषय बदलतो. आज मात्र सांगूनच टाकतो. हा रोग नव्हे, हे माझे कर्तृत्व आहे.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी नुकताच घरी आलो होतो. अंत्रुज महालातले आमचे कुळागर जुने, दाट. वर माड, त्याखाली माडी, माडीवर चढलेली मिरवेल, मधूनमधून केळी, खाली अननस आणि हळद. दुपारी बारा वाजता आत शिरले तरी संध्याकाळ झाल्यासारखे वाटे. मी विचार केला, झाडाचे अन्न उजेडातून तयार होते. मग उजेड वाढवला की अन्न वाढेल, अन्न वाढले की सुपारी वाढेल. साधे त्रैराशिक! पश्चिमेच्या कडेला एक मोठा फणस आणि दोन भिरंडीची झाडे होती, ती मी तोडायला लावली. थोरले काका पाटाच्या कडेला उभे राहून बघत होते. ते एवढेच म्हणाले, "पुता, उजवाड सगळ्यांक जाय, पूण वोत सगळ्यांक सोसना." प्रकाश सर्वांना हवा, पण ऊन सर्वांना सोसत नाही. मी हसलो. सातवी शिकलेला माणूस पदवीधराला प्रकाशसंश्लेषण शिकवतो आहे, असे मनात आले. वयाचा दोष, दुसरे काय.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत माडींचे बुंधे आधी पिवळे पडले, मग करडे झाले, मग तडकले. त्यानंतरच्या पावसाळी वाऱ्यात त्या एकेक करून कंबरेत मोडल्या. आणि ज्या वाचल्या त्यांची सुपारी वाढली का? मुळीच नाही.

माझे त्रैराशिक चुकले कुठे, हे शोधता शोधता मी एका जुन्या इतिहासात जाऊन पोहोचलो. तो इतिहास मला महाविद्यालयात कोणी सांगितला नव्हता. आम्हाला सांगितले होते फक्त उत्तर. "प्रकाशसंश्लेषणाच्या वेगावर परिणाम करणारे घटक : प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, तापमान, पाणी, हरितद्रव्य." पाच गुणांचा प्रश्न, पाच घटक, घटकाला एक गुण. पण हे पाच शब्द गोळा करायला माणसाला अडीचशे वर्षे लागली. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द भांडणातून बाहेर आला आहे. आणि त्या यादीमागे एक नाव असे आहे, की ज्याचा पुढचा धागा थेट आपल्या मराठी मुलखाच्या एका शहरापर्यंत, इंदूरपर्यंत जातो. आजचा लेख त्या नावासाठी.

पाण्याचे झाड

सुरुवात पाण्यापासून झाली. व्हान हेल्मॉन्ट नावाचा फ्लँडर्सचा एक वैद्य सतराव्या शतकात होऊन गेला. झाड माती खाऊन वाढते हे तेव्हा सर्वांना मान्य होते. दिसते तसेच आहे ना! याने एका कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती भरली, तिच्यात पाच पौंडांची विलोची फांदी लावली आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड आणि वर काही औंस. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती कमी झाली होती सुमारे दोन औंस. म्हणजे मूठभर. त्याने निष्कर्ष काढला, झाड हे पाण्याचेच बनते. हे सारे १६४८ साली, तो वारल्यानंतर, त्याच्या मुलाने छापले.

निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द ज्याने भाषेला दिला तो हाच माणूस. लाकूड जळताना जो वायू निघतो, तो वेगळा आहे हे त्याने ओळखले होते. त्याच वायूतून आपल्या विलोचे लाकूड तयार झाले आहे, हे मात्र त्याच्या लक्षात आले नाही. उत्तर त्याच्याच खिशात होते.

पुदिना आणि मेणबत्ती

पुढचा माणूस इंग्लंडमधला. जोसेफ प्रिस्टली, धर्मोपदेशक आणि हौशी रसायनज्ञ. काचेच्या हंडीखाली मेणबत्ती जळून विझली की त्या हवेत दुसरी मेणबत्ती पेटत नाही, उंदीर जगत नाही. मग जगातली सगळी हवा एव्हाना संपली कशी नाही? १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्याने अशा 'मेलेल्या' हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी, २७ तारखेला, त्या हवेत मेणबत्ती छान जळली. झाड हवा दुरुस्त करते! १७७३ साली त्याला रॉयल सोसायटीचे कोप्ले पदक मिळाले.

पण पुढे एक अडचण आली. तोच प्रयोग पुन्हा केला की कधी जमे, कधी फसे. स्वीडनमधल्या शीलेला तर उलटेच आढळले, झाडे हवा बिघडवतात. खुद्द प्रिस्टलीलाही १७७८ च्या सुमारास उलटसुलट निकाल मिळू लागले. दोन प्रामाणिक माणसे, दोन उलट उत्तरे. अशा वेळी कोणी खोटे बोलत आहे असे समजायचे कारण नसते. दोघांनीही न मोजलेले असे काहीतरी तिसरे तिथे असते.

ते तिसरे म्हणजे उजेड. ते शोधले यान इंगेनहाउस या डच डॉक्टराने. हा माणूस देवी काढण्यात तरबेज होता. जेन्नरच्या लसीच्या आधीची जुनी पद्धत. १७६८ साली व्हिएन्नाच्या राजघराण्याला देवी काढल्या म्हणून महाराणी मारिया थेरेसाने त्याला दरबारी वैद्य केले. १७७९ च्या उन्हाळ्यात सुट्टी घेऊन त्याने लंडनजवळ एक घर भाड्याने घेतले आणि तीन महिन्यांत पाचशेहून अधिक प्रयोग केले. त्याच वर्षी पुस्तकही छापले. त्याने सांगितले की हवा दुरुस्त होते ती फक्त उजेडात, आणि हे काम करतो झाडाचा हिरवा भागच. मुळे, फुले, फळे हे काम करीत नाहीत. अंधारात सगळे झाड आपल्यासारखेच हवा बिघडवते. आणि हे काम सूर्याच्या प्रकाशाचे आहे, उष्णतेचे नव्हे.

आमची आजी सांगायची, रात्री चिंचेखाली झोपू नये. इंगेनहाउसचे पुस्तक वाचून युरोपातही लोकांनी रात्री निजायच्या खोलीतून फुलदाण्या बाहेर काढायला सुरुवात केली. दोन्हीकडे भीती प्रमाणाबाहेर. झाड रात्री जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडते, त्याहून कितीतरी जास्त आपल्या शेजारी झोपलेले माणूस सोडते. पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो अशी जी माहिती अधूनमधून मोबाइलवर फिरते, तीही इंगेनहाउसच्या त्या उन्हाळ्यातच निकालात निघाली आहे. उजेड नाही तर प्राणवायू नाही. पिंपळ असो की पुदिना.

जाता जाता एक योगायोग. प्रिस्टलीने १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याच्या भस्मातून प्राणवायू वेगळा केला तो बोवुड हाउस नावाच्या वाड्यात. इंगेनहाउस १७९९ साली वारला, तोही त्याच बोवुड हाउसमध्ये.

हवा, पाणी आणि आंबट पाने

उजेडानंतर हवा. जिनिव्हाच्या झां सेनेबिए याने १७८२ साली दाखवले की उकळून गार केलेल्या पाण्यात, म्हणजे विरघळलेला वायू निघून गेलेल्या पाण्यात, पाने ठेवली तर उन्हातही बुडबुडे येत नाहीत. त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की येतात. मग त्याच गावच्या द सोस्यूर याने १८०४ साली तराजू हातात घेतला. झाडाचे वजन जेवढे वाढते तेवढे नुसत्या कार्बनचे नसते, त्यात पाण्याचाही वाटा असतो, हे त्याने मापून दाखवले. म्हणजे व्हान हेल्मॉन्ट अर्धा जिंकला! त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवला तर तो उन्हातल्या रोपांना मानवतो. सावलीतल्या रोपांना तोच बाधतो. या वाक्यात पुढचे शंभर वर्षांचे कोडे दडलेले होते. एका घटकाचा परिणाम काय होणार, हे दुसरा घटक किती आहे त्यावर ठरते.

याच सुमाराला आपल्याकडे, मद्रासेत, बेंजामिन हाइन नावाचा कंपनी सरकारच्या नोकरीतला वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने १८१३ साली विलायतेला पत्र लिहून कळवले की पानफुटीची पाने सकाळी आंबट लागतात, दुपारी बेचव होतात आणि संध्याकाळी किंचित कडवट. ही पानफुटी आपल्या प्रत्येक अंगणात कुठेतरी असते. (चाखून पाहू नका, ती विषारी असू शकते. हाइनने आपल्यासाठी चाखून ठेवली आहे.) कारण कळायला विसावे शतक उजाडले. पानफुटी आणि अननस यांच्यासारखी झाडे पाणी वाचवण्यासाठी दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात, म्हणून सकाळी पान आंबट. दिवसा उजेडात तो साठा वापरतात. आमच्या कुळागरातल्या अननसाचा हा व्यवहार आणि त्याच्याच शेजारच्या केळीचा व्यवहार एकमेकांहून असा वेगळा आहे.

एक नापास प्रयोग

आता थोडे शाळेकडे वळतो. नववीत असताना आमच्या बाईंनी हायड्रिलाचा प्रयोग करून दाखवला होता. तळ्यातली ती हिरवी दोरीसारखी पाणवनस्पती, वर उलटे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. बुडबुडे मोजायचे. महिना जुलै! बाहेर आषाढाची झड, खिडकीतून राखाडी उजेड. बुडबुडे येईनात. मिनिटाला एखाददुसरा. बाईंनी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढेल. काही फरक नाही. आणखी एक चिमूट. तरी नाही. वर्ग हसू लागला. बाई म्हणाल्या, "चवथीनंतर बघू."

आणि बाईंनी खरोखरच चवथीच्या सुट्टीनंतर तो प्रयोग पुन्हा मांडला. त्या दिवशी लख्ख ऊन होते. बुडबुडे भराभर निघू लागले. सोडा टाकला तर त्यांची माळच लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण जुलैत न चाललेला सोडा सप्टेंबरात कसा चालला, हे आम्ही विचारले नाही. विचारायला हवे होते. कारण युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेमके याच प्रश्नावर अडखळले होते.

तेव्हा सर्वमान्य मत जर्मनीच्या युलियुस साक्सचे होते. साक्स म्हणजे दादा माणूस. पानात उजेडामुळे पिष्ट तयार होते हे त्याने १८६० च्या दशकात आयोडीनने सिद्ध केले. उष्णतेविषयी त्याने मांडले होते की प्रत्येक क्रियेला एक किमान, एक सर्वोत्तम आणि एक कमाल तापमान असते. पुढे लोकांनी हेच प्रत्येक घटकाला लावले. सर्वोत्तम उजेड किती? सर्वोत्तम तापमान किती? सर्वोत्तम कार्बन डायऑक्साइड किती? प्रत्येक प्रयोगशाळा मोजू लागली आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येऊ लागले. जुलैत सोडा टाकणाऱ्याने लिहावे, कार्बन डायऑक्साइडचा परिणाम होत नाही. सप्टेंबरात टाकणाऱ्याने लिहावे, फार होतो. दोघेही खरे.

केंब्रिजची मॅथाई

हे कोडे सुटले केंब्रिजमध्ये. पाठ्यपुस्तकात त्याला 'ब्लॅकमनचा नियम' म्हणतात. फ्रेडरिक फ्रॉस्ट ब्लॅकमन यांचा 'सर्वोत्तम बिंदू आणि मर्यादक घटक' या अर्थाचा निबंध १९०५ साली प्रसिद्ध झाला. तो उत्तमच आहे. पण त्याच्या पायाखालचे मोजमाप मोठ्या प्रमाणावर एका तरुण बाईने केलेले होते. गॅब्रिएल मॅथाई, जन्म १८७६, केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजची विद्यार्थिनी. परीक्षेत पहिला वर्ग. पदवी? नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना परीक्षा देऊ देई, पदवी देत नसे. पुरुषांच्या बरोबरीने पदवी द्यायला त्या विद्यापीठाला १९४८ साल उजाडावे लागले.

मॅथाईबाईंनी चेरी लॉरेल नावाच्या सदाहरित झाडाचे एकेक पान काचेच्या बंद पेटीत ठेवले. पेटीतून मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडची हवा सोडायची, पलीकडे किती उरला ते मोजायचे, मधला फरक म्हणजे पानाने खाल्लेला. दिव्याचा उजेड ठरलेला, तापमान ठरलेले. आणि तापमान पेटीचे नव्हे, खुद्द पानाचे मोजायचे. गोठणबिंदूच्या खालपासून चाळीस अंशांच्या पुढेपर्यंत. १९०४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे काम त्यांच्या एकटीच्या नावाने आले. पुढच्याच वर्षी ब्लॅकमन आणि मॅथाई अशा दोघांच्या नावाने आणखी एक निबंध आला.

त्यांना काय आढळले? उजेड भरपूर आणि कार्बन डायऑक्साइडही भरपूर असेल, तर तापमान दर दहा अंशांनी वाढवले की वेग जवळजवळ दुप्पट होतो. पण उजेड मंद असेल तर तापमान कितीही वाढवा, वेग थोडा वाढून तिथेच अडतो. उजेड वाढवला की तो पुन्हा चढू लागतो आणि पुढच्या पायरीवर अडतो. आणि तापमान फारच वाढवले तर? सुरुवातीला वेग मोठा दिसतो, पण तासातासाने घसरत जातो. यंत्रच बिघडत जाते. म्हणून 'सर्वोत्तम तापमान किती' या प्रश्नाला, किती वेळ ते सांगितल्याशिवाय, अर्थच नाही.

ब्लॅकमन यांनी यातून जो नियम काढला तो थोडक्यात असा : अनेक घटकांवर चालणाऱ्या क्रियेचा वेग त्यांतला जो सर्वांत तुटपुंजा असेल तो ठरवतो. आपल्याकडची उपमा द्यायची तर चोडणहून रायबंदरला येतानाची फेरीबोट आठवा. अलीकडचा रस्ता चौपदरी करा, पलीकडचा सहापदरी करा. तासाला किती माणसे पार होतील? फेरी नेईल तितकीच. रस्ते रुंद करण्यावर लाखो रुपये घाला, फरक शून्य. दुसरी फेरी आणली की मात्र एकदम फरक पडतो, आणि मग कदाचित रस्ता अपुरा पडू लागतो. अडणारी जागा बदलत राहते. शहाणपण आहे ते आज कुठे अडले आहे हे ओळखण्यात.

जुलैत आमच्या वर्गात अडले होते उजेडाशी, म्हणून सोडा वाया गेला. सप्टेंबरात उजेड पुरून उरला, अडले कार्बन डायऑक्साइडशी, म्हणून सोडा लागू पडला. आमच्या बाईंचा प्रयोग नापास झालाच नव्हता. ते दोन दिवस मिळून एक पूर्ण प्रयोग होता.

आणि आपले शेतकरी हे भाताच्या दोन पिकांत कधीचे बघत आले आहेत. सरदाला पाणी धो धो, पण आभाळ झाकलेले. वायंगणाला ऊन स्वच्छ, पण पाणी असेल तिथेच पीक. पाण्याची सोय झाली तर उष्ण प्रदेशात कोरड्या हंगामातले भात पावसाळी भाताहून जास्त उतरते, याचे एक मोठे कारण हा उजेडच आहे. सरद अडतो आभाळाशी, वायंगण अडते पाटाशी.

इंदूर

आता तो धागा. निबंध छापून झाला त्याच १९०५ साली मॅथाईबाई जहाजाने मुंबईला आल्या आणि तिथे त्यांनी आल्बर्ट हॉवर्ड यांच्याशी लग्न केले. हॉवर्ड बिहारातल्या पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. गॅब्रिएल हॉवर्ड यांनी आधी काही वर्षे बिनपगारी काम केले. १९१० साली त्यांची नेमणूक झाली ती 'स्वीय सहायक' म्हणून, अर्थात स्वतःच्या नवऱ्याच्या. १९१३ साली मात्र त्या दुसऱ्या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाल्या. 'पुसा १२' सारखे गव्हाचे जे वाण पुढे उत्तर हिंदुस्थानभर पसरले, ते या दोघांनी मिळून काढलेले.

मला यात सर्वांत जवळचे वाटते ते त्यांचे मुळांवरचे काम. पीक पिवळे का पडते हे पानाकडे बघून कळत नाही. पाणी तुंबलेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि सगळे तिथे अडते, हे हॉवर्ड दांपत्याने पुन्हा पुन्हा लिहिले. केंब्रिजच्या काचपेटीतला प्रश्न तोच होता. अडले कुठे? फक्त आता पेटी म्हणजे अख्खे शेत होते.

१९२४ साली होळकरांच्या इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभी राहिली. आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. इथेच काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, वेळच्या वेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची ती पद्धत बसवली गेली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावरचे पुस्तक निघाले. त्यावर दोन लेखकांची नावे आहेत : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हे दुसरे नाव वाचून माझ्यासारख्याचे कान टवकारले नसते तरच नवल. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेल्या गांधीजींनीही ही खतप्रक्रिया जाऊन पाहिली. त्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे.

पुस्तक निघाले तेव्हा गॅब्रिएल हॉवर्ड नव्हत्या. १८ ऑगस्ट १९३० रोजी जिनिव्हात त्या वारल्या. सेनेबिए आणि द सोस्यूर यांचे जिनिव्हा. वय अवघे ५३. आल्बर्ट हॉवर्ड यांचे १९४० चे सर्वांत गाजलेले पुस्तक त्यांना अर्पण केलेले आहे. सेंद्रिय शेतीवाले आल्बर्टचे नाव घेतात. वनस्पतिशास्त्रवाले ब्लॅकमनचे नाव घेतात. दोन्हीकडे उभी असलेली बाई दोन्हीकडून निसटली. ब्लॅकमन यांनी किंवा नवऱ्याने त्यांचे श्रेय चोरले असे मी म्हणत नाही, तसे ते नाहीच. पण नियमाला नाव एकच चिकटते. तिथेही बहुधा सर्वांत आखूड दोरीचाच नियम चालत असावा.

नियमाची कड

इतिहास इथे थांबत नाही. ब्लॅकमनच्या आलेखातले वळण काटकोनासारखे टोकदार होते. नंतरच्या मोजमापांत ते गोलसर निघाले. म्हणजे मधल्या टप्प्यात दोन घटक थोडे थोडे दोन्ही अडवतात. उजेड लागणारी एक पायरी आणि न लागणारी दुसरी, अशा दोन पायऱ्या आहेत हे याच कामावरून सुचले आणि न लागणाऱ्या पायरीला बराच काळ 'ब्लॅकमन प्रक्रिया' म्हटले गेले. आपल्या जगदीशचंद्र बोसांनीही याच हायड्रिलाचे बुडबुडे स्वयंचलित यंत्रावर नोंदवून १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावर ग्रंथ लिहिला. कार्बनचा पुढचा मार्ग दाखवल्याबद्दल मेल्विन कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल मिळाले. ऊस आणि मका यांचा मार्ग भाताहून वेगळा, रणरणत्या उन्हाला जास्त सोयीचा, हे १९६० च्या दशकात उसावरच्या कामातून उलगडले.

आणि आज हा प्रश्न कुळागरापुरता नाही. मॅथाईबाईंच्या वेळी हवेत दहा लाख भागांत सुमारे ३०० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज तो ४२० च्या वर गेला आहे. काही जण म्हणतात, चांगलेच झाले, झाडांना खाऊ वाढला. हे माझेच त्रैराशिक! खाऊ वाढून उपयोग तेव्हाच, जेव्हा पाणी, नत्र आणि सोसेल इतके तापमान असेल. त्याच वायूने उन्हाळा तापवला आणि पाऊस बेभरवशाचा केला, तर अडणारी जागा फक्त सरकते.

माझ्या माडींचेही तेच झाले होते. आमच्या कुळागरात मार्च ते मे अडते ते पाण्याशी. पाट आटतो, पाण्याची पाळी आठवड्यावर जाते. तहानलेले पान रंध्रे मिटून घेते आणि मग कार्बन डायऑक्साइड आत जाणेच बंद. अशा वेळी वरून कितीही ऊन ओता. बहुतेक झाडांच्या पानांना भर दुपारचे पूर्ण ऊन लागतच नाही, त्याच्या निम्म्याहून कमी उजेडात त्यांची भूक भागते. उरलेले ऊन नुसते तापवते. मी जे वाढवले ते कमी नव्हतेच, आणि जे कमी होते ते फणसाची सावली गेल्यामुळे आणखी कमी झाले. बुंधे भाजले ते वेगळेच. तो प्रकाशसंश्लेषणाचा प्रश्न नव्हे, नैर्ऋत्येच्या उन्हाने कोवळ्या सालीला दिलेला डाग. जुनी माणसे त्या बाजूला सावलीचे झाड ठेवत किंवा माडीच्याच झावळीचे रुंद देठ बुंध्याला बांधत, ते याचसाठी. काकांना हे ठाऊक होते. ब्लॅकमन ठाऊक नव्हता, एवढेच.

काका आता नाहीत. त्यांची क्षमा मागायची राहून गेली, हे लिहून ठेवतो. तोडलेल्या फणसाच्या जागी मी फणसच लावला आहे आणि दोन भिरंडी. फणस आता माडीच्या खांद्याला लागला आहे. पालापाचोळा जाळत नाही, इंदूर पद्धतीने रचतो. कोपऱ्यात खड्डा आहे, त्याला घरातली पोरे 'इंदूर' म्हणतात. "केळीची पाने इंदुरात टाकून ये," असे वाक्य आमच्या घरी रोज ऐकू येते. ते ऐकले की काचेच्या पेटीतल्या एका पानाकडे तासन्‌तास बघत बसलेली, पदवी न मिळालेली एक मुलगी मला आठवते.

तुमच्या कुळागरात, परसात, गच्चीवरच्या कुंडीत एखादे झाड खंगत असेल तर काही घालण्याआधी क्षणभर उभे राहून विचारा, याचे अडले आहे कुठे? बहुतेक वेळा उत्तर आपण हातात धरलेल्या वस्तूत नसते.